‘नको’ म्हणणारी भावंडे

राजारामपुरीत बेताच्या परिस्थितीत वाढलेल्या लाजऱ्या भावंडांच्या आयुष्याचे दोन कालखंड पडतात. पहिल्यात ती तोंड उघडत नाहीत आणि दुसऱ्यात मिटत नाहीत. दुसरा कालखंड साधारण पन्नाशीला सुरू होतो. तोवर ज्याच्या त्याच्या नावावर फ्लॅट झालेला असतो आणि लहानपणी पैसे नव्हते हे चारचौघांत सांगण्याइतके पैसे गाठीला आलेले असतात. येथे विचार केला आहे तो मुख्यतः १९७० ते १९९० या काळात शाळेत गेलेल्यांचा. त्याआधीच्या पिढीचे हाल याहून जास्त होते असे त्या पिढीचे म्हणणे असतेच, आणि पानं वाढून होईपर्यंत ते ऐकून घ्यावे लागते.

राजारामपुरी ही छत्रपती राजाराम महाराजांच्या (कारकीर्द १९२२ ते १९४०) नावाची वसाहत. कोल्हापूरच्या जुन्या पेठा तालमी आणि देवळे यांच्याभोवती वाटेल तशा वाढल्या. राजारामपुरी मात्र पट्टी धरून आखलेली, आणि तिच्या गल्ल्यांना क्रमांक आहेत. लाजऱ्या मुलाला हे फार सोयीचे पडे. ‘कुणाचा रं तू?’ या प्रश्नाला वडिलांचे नाव, धंदा आणि गाव सांगत बसण्याऐवजी ‘आठवी गल्ली’ एवढे म्हणून निसटता येई. जवळच शाहू महाराजांनी १९०६ मध्ये सुरू केलेली शाहू मिल, आणि पलीकडे लेथ व फौंड्र्यांचा खडखडाट करणारे उद्यमनगर. गल्लीत पुढे बंगला आणि मागे भाड्याच्या दोन खोल्या ही रचना सर्रास होती. बंगल्यात वकील, डॉक्टर, प्राध्यापक; मागच्या खोल्यांत मिलमधला कारकून, लेथवरचा कामगार किंवा पोस्टातला शिपाई. वि. स. खांडेकरही याच राजारामपुरीत राहत. ‘ययाति’साठी त्यांना १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले, मराठीतले ते पहिलेच. एवढा मोठा ध्येयवादी कादंबरीकार वसाहतीत असताना निर्धनतेला तेथे काही वाङ्मयीन प्रतिष्ठा असायला हरकत नव्हती. पण किराणा दुकानदारांपर्यंत ती पोहोचली नाही.

मागच्या खोलीत जाण्याची वाट बंगल्याच्या कडेच्या बोळातून, मालकांच्या खिडकीखालून असे. लाजरेपणाचे प्राथमिक शिक्षण याच बोळात होई. दुपारी मालकांची झोप, संध्याकाळी त्यांच्याकडचे पाहुणे, सकाळी त्यांची पूजा. राहिलेल्या वेळात भांडायची मुभा होती, परंतु तेव्हा शाळा असे. अशा मुलांना आवाज न करता भांडता येई. चिमटा, डोळे वटारणे आणि पायावर पाय देणे या तीन क्रियांत सबंध महायुद्ध पार पडे आणि आईला ते रात्री अंथरुणे घालताना, वळ पाहून समजे.

मुळात कोल्हापुरात लाजाळू असणे हेच अवघड. येथे मित्राला दारावरची कडी वाजवून बोलावत नाहीत. गल्लीच्या तोंडाशी सायकलवर एक पाय टेकून हाक मारतात आणि ती तिसऱ्या गल्लीत ऐकू जाते. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल, खासबागेतली कुस्ती, गणपतीची मिरवणूक, सगळे काही छातीच्या भात्यावर चालणारे. या गावात हळू बोलणाऱ्याला ‘बरं नाही काय?’ असे विचारले जाते. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या फिलिप झिंबार्डो यांनी १९७० च्या दशकात लाजाळूपणाची पाहणी केली, तेव्हा सुमारे ४० टक्के लोकांनी आपण लाजाळू असल्याचे कबूल केले. कोल्हापुरात ही पाहणी झाली असती तर खरे लाजाळू तिच्यात सापडले नसते, कारण कागद घेऊन कोणी दारात आले की ते मोरीत जाऊन बसत.

मानसशास्त्रज्ञ लाजाळूपणाचे मूळ स्वभावात, आईबापांच्या धाकात किंवा रक्तात शोधतात. राजारामपुरीच्या मागच्या खोल्यांत ते महिन्याच्या हिशेबात सापडते. लाजणारे मूल मागत नाही, आणि न मागणारे मूल पोसायला स्वस्त पडते. पोस्टाच्या अल्पबचत योजनेत भरायला घरात काही नसे. पण तीन मुलांनी वर्षभरात न मागितलेल्या वस्तूंची बेरीज केली तर ती त्या योजनेच्या व्याजाला लाजवील अशी होती. आईवडिलांनी हा गुण मुद्दाम रुजवला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तो आपोआप उगवला, आणि त्यांनी तो उपटला नाही इतकेच.

या गुणाची खरी कसोटी किराणा दुकानात लागे. सामान खात्यावर येई. पगार दहा तारखेला होई आणि विसाव्या तारखेच्या पुढे खात्याची वही नुसती दिसली तरी मुलांच्या कानाच्या पाळ्या तापत. ‘आईनं सांगितलंय, लिहून ठेवा’ हे चार शब्द दुकानात कोणी म्हणायचे, यावर घरात रोज वाटाघाटी चालत. थोरलीला आता दुकानात उभे राहणे बरे दिसत नसे, मधल्याने काल आणले होते, त्यामुळे धाकट्याला पुढे करण्यात येई. तो गळ्याला सुतळी बांधलेली तेलाची बाटली बोटाला अडकवून निघे आणि दुकानाच्या खांबाशी जाऊन उभा राही. बेत असा, की गिऱ्हाईक संपल्यावर बोलायचे. पण राजारामपुरीतले चालते दुकान संध्याकाळी कधी रिकामे होत नाही. मागून आलेली माणसे साखर, रवा, साबण घेऊन जात. धाकटा प्रत्येकाला वाट करून देई. शेवटी दुकानदारच विचारी, ‘काय रं, खांबाला टेका द्यायला आलायस व्हय?’

मग तेल. बाटलीत नरसाळे, नरसाळ्यात पावकिलोचे माप. माप उपडे केल्यावर तेलाची धार बारीक होत होत तिचा थेंब होतो, थेंबांमधले अंतर वाढत जाते, आणि या अंतरात दुकानदार व मूल दोघेही काही न बोलता त्या मापाच्या काठाकडे पाहत राहतात. घरी गेल्यावर आई बाटली उजेडात धरून तेल कुठवर आले ते बघणार, हे मुलाला माहीत असते आणि दुकानदारालाही. शेवटचा थेंब पडला की दुकानदार बोट फिरवून नरसाळ्याचे टोक पुसतो, ते बोट स्वतःच्या केसांना पुसतो आणि वही उघडतो. इथवर सारे सभ्यपणे पार पडलेले असते. आकडा मात्र त्याला मोठ्याने बोलल्याशिवाय लिहिता येत नाही. ‘मागचं मिळून एक्याऐंशी रुपये, सांग आईला!’ आणि नेमकी त्याच क्षणी वर्गातल्या एखाद्या मुलीची आई गूळ घ्यायला आलेली असते.

शाळेत यापेक्षा रीतसर सोय होती. कमी उत्पन्नाच्या पालकांना फी माफीची ई.बी.सी. सवलत मिळे, आणि तिने महाराष्ट्रातल्या लाखो मुलांना शाळेत टिकवले, हे निर्विवाद आहे. सवलत देणाऱ्या सरकारचा हेतू उदात्त होता. अंमलबजावणी वर्गशिक्षकांकडे होती. ‘ई.बी.सी.वाले उभे राहा’ असे फर्मान निघे आणि ज्यांनी वर्षभर कुठल्याच प्रश्नाच्या उत्तराला हात वर केलेला नाही अशी मुले सबंध उभी करण्यात येत. त्यातला अनुभवी मुलगा बुटाची नाडी बांधण्याच्या निमित्ताने अर्धवट उभा राही. ज्यांच्या पायात चपला होत्या त्यांना तीही पळवाट नसे.

सहलीचा प्रश्न मुले स्वतःच सोडवत. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर, तेव्हा ‘आमचा बघून झालाय’ हे उत्तर पुरे. सहल लांबची असली तर मुलाला गाडी लागत असे. कोल्हापूरच्या शाळांत गाडी लागणाऱ्या मुलांचे प्रमाण सहलीच्या वर्गणीबरोबर वाढे, आणि वैद्यकशास्त्राने त्याची दखल घेतलेली नाही. वर्गाच्या फोटोचेही तसेच. फोटोत उभे राहायला पैसे पडत नसत, प्रत घ्यायला पडत. त्यामुळे या मुलांचे चेहरे दुसऱ्यांच्या घरातल्या भिंतींवर आणि ट्रंकांमध्ये आहेत, स्वतःच्या घरात नाहीत. ‘माझे डोळे मिटलेत’ हे प्रत न घेण्याचे मान्य कारण होते. पुढे दुसऱ्या कालखंडात या गैरहजर पुराव्याने फार घोटाळे केले.

कपड्यांत वाढत्या अंगाचे माप हे एकच माप शिंप्याला दिले जाई. गणवेशाची दुमड दरवर्षी एकेक उसवली जाई आणि तिच्या जागी उरलेल्या न विटलेल्या पट्ट्या झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या मोजून मुलाची इयत्ता सांगता येई. पुस्तकांची गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, १९६७ मध्ये स्थापन झाले आणि राज्यभर एकसारखी, स्वस्त पुस्तके मिळू लागली. याचा खरा फायदा भावंडांच्या घराला झाला, कारण एकच पुस्तक थोरलीकडून मधल्याकडे आणि मधल्याकडून धाकट्याकडे उतरू शकले. धाकट्यापर्यंत येईतो पुस्तकात सर्व राष्ट्रपुरुषांना मिशा आलेल्या असत, ज्यांना होत्या त्यांना दुहेरी. ‘रिकाम्या जागा भरा’ या सदरात एकही जागा रिकामी नसे. उत्तरे मधल्याच्या अक्षरात असत आणि ती बहुधा चुकलेली असत. धाकटा ती विश्वासाने वहीत उतरवून घेई. अभ्यासक्रम बदलणार अशी बातमी पेपरात आली की शिक्षणतज्ज्ञ वाद घालत आणि या घरात सुतक पडे.

पाहुणचाराचा नियम सोपा होता. कुठेही गेले, काहीही पुढे आले तरी ‘नको’ म्हणायचे. पुण्यामुंबईकडे या शिस्तीने मुले उपाशी राहिली असती. कोल्हापुरात ‘नको’ हा शब्द कोणी ऐकतच नाही. तो उच्चारून होईतो ताटात दुसरी भाकरी पडलेली असते आणि वाटीत रस्सा. ‘जेवून आलोय’ म्हणणाऱ्याला ‘मग काय झालं? परत जेव’ हे उत्तर ठरलेले. यामुळे राजारामपुरीच्या लाजऱ्या मुलांना स्वाभिमान आणि तांबडा रस्सा दोन्ही मिळाले, ही गोष्ट शहराच्या श्रेयाला जमा करावी लागेल. अडचण होई ती आई समोर बसलेली असताना. तिच्या भुवयांकडे पाहून एक घास घ्यायचा, पुन्हा पाहायचे, अशा पद्धतीने एक लाडू संपायला अर्धा तास लागे.

दूरदर्शनने यात भर घातली. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले आणि मालकांच्या दिवाणखान्यात गल्ली लोटली. इतर मुले आत घुसून सतरंजीवर बसत. लाजरी भावंडे चपलांच्या ढिगाशी उभी राहत, जणू तिथून सहज चालली होती आणि अरण्यकांड लागले म्हणून थांबली. बोलावल्याशिवाय आत जायचे नाही असा दंडक असल्याने त्यांनी सबंध वनवास दरवाजाच्या चौकटीतून, एका काकूंच्या आंबाड्याच्या डाव्या बाजूने पाहिला. रावण बहुधा उजवीकडे असे. त्यामुळे त्यांना तो आवाजावरून ठाऊक आहे.

आता दुसरा कालखंड. याची अधिवेशने भाऊबीज, गौरी-गणपती, घरातले लग्न आणि जागेच्या वाटणीचे कागद अशा प्रसंगी भरतात. सुरुवात साधी असते. कोणीतरी गुळाच्या चहाचा घोट घेऊन म्हणते, की आपल्याकडे साखर संपली की हाच असायचा. एकेकाळी पाहुणा आला की आई तो लपवी आणि शेजारून वाटीभर साखर आणवी. आता त्याच चहाची दुकाने निघाली आहेत आणि तो प्यायला लोक गाडी लावायला जागा शोधतात. झुणका-भाकरीचेही तेच, नाचणीचेही तेच. फोडणी दिलेली शिळी भाकरी तेवढी अजून हॉटेलच्या पाटीवर आलेली नाही, पण तिला फार दिवस उरलेले दिसत नाहीत. भावंडांची तक्रार अशी, की आपण हे सगळे वीस-तीस वर्षे आधी खाल्ले आणि कोणी कौतुक केले नाही.

येथून संभाषण स्पर्धेकडे वळते. थोरलीचा दावा, की तिला सर्वांत आधी जबाबदारी आली. धाकट्याचा, की त्याला आयुष्यात पहिली नवी वस्तू नोकरीच्या पगारातून मिळाली. मधल्याकडे असा ठळक मुद्दा नसतो, म्हणून तो सर्वांत जास्त बोलतो. हरकती घेतल्या जातात. ‘आक्का, तुला तरी दिवाळीला नवीन परकर-पोलकं मिळायचं.’ ‘आणि त्याचा तुला सदरा शिवला ते विसरलास व्हय?’ मूळ मुद्दा, म्हणजे सर्वांत जास्त सोसले कोणी, अनिर्णित राहतो आणि पुढच्या भाऊबीजेवर जातो.

सर्वांत कडाक्याचा वाद मालकीचा असतो. स्लिपरचा अंगठा तुटला, त्याला सेफ्टी पिन लावली, ती भर प्रार्थनेत उघडली आणि पायात रुतली. तरी रडायला लाज वाटली म्हणून राष्ट्रगीत संपेपर्यंत जो तसाच उभा राहिला तो मुलगा कोण? मधला म्हणतो, मी. धाकटा पायाचा तळवा दाखवतो. दोघांच्याही तळव्यावर काही नसते. हा प्रकार राजारामपुरीपुरता नाही. मर्सिडीज शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन या संशोधकांनी २००१ मध्ये जुळ्या भावंडांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एकच प्रसंग दोघांनाही स्वतःच्याच बाबतीत घडलेला म्हणून स्पष्ट आठवतो, आणि दोघेही प्रामाणिक असतात, असे दिसून आले. जुळ्यांखेरीज इतर भावंडांतही असे वाद आढळले. मागच्या दोन खोल्यांत एकाच वाकळेखाली तिघे झोपत असताना आठवणी सरमिसळ झाल्या तर नवल नाही. पाय कोणाचा आणि पिन कोणाची हे तेव्हाही नीट कळत नसे. आणि ज्यावरून खरेखोटे करता आले असते ते वर्गाचे फोटो, वर सांगितलेल्या कारणाने, घरात नाहीत.

नामवंत भावंडांचे हे काम पुस्तके करतात. मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये गेले, तेव्हा लता मंगेशकर अवघ्या १२ वर्षांच्या होत्या. पुढे मास्टर विनायकांच्या कंपनीत काम करताना हे कुटुंब काही काळ कोल्हापुरातही राहिले. त्या दिवसांची बहीण म्हणून आठवण मीना मंगेशकर-खडीकर यांनी ‘मोठी तिची सावली’मध्ये लिहून ठेवली. एका घरातून एकीने लिहावे आणि बाकीच्यांनी ते मान्य करावे, ही शिस्त सामान्य कुटुंबात अशक्य. तेथे प्रत्येकाची स्वतंत्र आवृत्ती असते, ती दरवर्षी सुधारून वाढवली जाते, आणि भाऊजी व वहिनी यांना ती सक्तीने ऐकवली जाते. वहिनी ‘आमच्याकडे तर तेवढंही नव्हतं’ असे म्हणाल्या, की सासरची भावंडे लगेच एक होतात.

अशाच एखाद्या बैठकीत गाडी लागण्याचा विषय निघतो. धाकटा सांगून टाकतो, की त्याला गाडी कधी लागलीच नाही. वर्गणीचा कागद त्याने घरी दाखवलाच नव्हता, कारण पैसे नाहीत हे एकट्या त्याला माहीत होते आणि आक्का-दादाला वाईट वाटू नये असे त्याला वाटे. मधला चमकतो. त्याचीही तीच कथा. थोरलीने तर दोन वर्षांचे कागद चुलीत घातले होते. यावर गळ्यात गळे पडतील अशी अपेक्षा असते, पण प्रत्यक्षात तिघेही चिडतात. चाळीस वर्षे प्रत्येक जण घरातला एकमेव त्यागी म्हणून मनातल्या मनात मिरवत होता. ती मक्तेदारी एका संध्याकाळी मोडली. ‘मग तू मला आधी का नाही सांगितलंस?’ असे प्रत्येक जण विचारतो, आणि कारण प्रत्येकाला माहीत असते. आई हयात असली तर ती आतून चिवड्याचा डबा आणत म्हणते, ‘सहलीचे कागद मास्तर परत माझ्याकडंच पाठवत हुते की.’

पुढच्या पिढीवर या सगळ्याचा परिणाम बेताचाच होतो. ही मुले हॉटेलात वेटरला हात करून बोलावतात, ताटात नको असलेले उरवतात आणि ‘बाबा, ही गोष्ट गेल्या वर्षी काकांची होती’ असे तोंडावर सांगतात. आईबापांना त्यांचा धीटपणा पाहून अभिमान वाटतो आणि बिल पाहून जुने दिवस आठवतात.

अधिवेशन लांबले की कोणीतरी ‘चला, गल्लीत एक चक्कर टाकू’ अशी सूचना मांडते आणि जेवण जिरवण्याच्या कारणाने ती मंजूर होते. गल्लीचा क्रमांक तोच असतो. बंगला आणि मागच्या खोल्या पाडून तेथे अपार्टमेंट झालेले असते. बोळाच्या जागी मोटारी उतरायचा उतार. तिघे फाटकाशी घोटाळतात. आत जाऊन नळ कुठे होता, मोरी कुठे होती, एवढेच बघायचे असते. वॉचमन खुर्चीवरून उठून विचारतो, ‘कुणाकडं जायचंय?’ थोरली शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका आहे. ती मधल्याकडे बघते. मधल्याचे उद्यमनगरात स्वतःचे वर्कशॉप आहे. तो खिशातला मोबाइल काढून बघू लागतो. आणि मग दोघे मिळून धाकट्याला पुढे करतात.